मागचा चवडा

संजीवनीबरोबर फिरायला जायचं म्हणजे तिच्या पाठीशी गप्पा मारायच्या, हे देवव्रतला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. महाबळेश्वरच्या बाजारात ती तुरुतुरु पुढे आणि हा चण्याची पुडी सांभाळत मागे. आता लग्नाला अठरा वर्षं होत आली, बाजार बदलला, देश बदलला, पण दोघांमधलं अंतर काही कमी झालं नाही. कतारमध्ये, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांचा फ्लॅट. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला तिघं एकत्र निघायची आणि जुडी घेऊन परत येणारी संजीवनी अर्ध्या वाटेत नवऱ्याला आणि मुलीला भेटायची.

बरं, नुसती भरभर चालत असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण तिची चाल म्हणजे एक प्रकरण होतं. टाच आधी, गुडघा सरळ ताठ, कंबर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि कोपरात वाकवलेले हात सपासप पुढे-मागे. नववीतली ईश्वरी मॉलमध्ये शिरली रे शिरली की आईपासून दोन दुकानं लांब व्हायची. "मॉम, कॅन यू प्लीज वॉक नॉर्मल?" मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत.

"हे नॉर्मलच आहे," संजीवनी म्हणायची. "तुम्ही सगळे घरंगळता, त्याला मी काय करू?"

ही चाल तिच्या एकटीची नव्हती, माहेरची होती. कराडच्या पलीकडे पूर्वी एक चिमुकलं संस्थान होतं आणि तिचे पणजोबा, आबासाहेब, तिथल्या राजेसाहेबांच्या पदरी नोकरीला होते. राजेसाहेब विलायतेला जाऊन आले ते एक खूळ डोक्यात घेऊन. तिकडे म्हणे माणसं पैज लावून चालतात. धावायचं नाही, एक ना एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. झालं, दर दसऱ्याला वेशीपासून टेकडीवरच्या देवीपर्यंत आणि परत अशी चालायची शर्यत सुरू झाली. आबासाहेबांनी ती पहिल्या वर्षी जिंकली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला जिंकू दिली नाही. शेजारच्या संस्थानांतले चालणारे आले, पुण्याच्या छावणीतले गोरे सोल्जर आले, सगळे आबासाहेबांची पाठ बघून परत गेले. राजेसाहेबांनी त्यांच्या मनगटात चांदीचं कडं घातलं. त्या मुलखात बाई मुलाला चालायला शिकवताना म्हणायची, चल बाळा, आबासाहेब हो.

मग एका दसऱ्याला राजेसाहेबांकडे एक गोरा पाहुणा आला. विलायतेत स्वतः या शर्यती चाललेला. मोठ्या मानानं त्याला पंच केलं. तो घोड्यावरून शर्यतीबरोबर गेला. आबासाहेब नेहमीसारखे पहिले आले, आणि साहेब खाली उतरून म्हणाला, हा माणूस चालला नाही, धावला. सगळ्या गावादेखत आबासाहेबांच्या मनगटातलं कडं उतरवून घेतलं. त्यानंतर ते शर्यतीत कधी उतरले नाहीत.

पण गडी चिवट. घरातल्या प्रत्येक पोराला, पोरीला, लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा त्यांनी चालायला शिकवलं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की सगळं घर रांगेनं वेशीपर्यंत त्याच चालीनं सीमोल्लंघनाला जायचं आणि मागून आबासाहेब ओरडायचे, "टाच." पुढची टाच आधी टेकली म्हणजे ते चालणं, असा त्यांचा हिशेब. आपण चालतो, धावत नाही, हे त्या साहेबाला दाखवून द्यायचं. साहेब केव्हाच आपल्या देशी जाऊन मातीला मिळाला होता, ही गोष्ट वेगळी. आबासाहेब गेल्यावर ओरडायचं काम थोरल्यांकडे आलं, आणि शेवटी अंजनाआत्याकडे.

अंजनाआत्या म्हणजे संजीवनीच्या वडिलांची बहीण. आबासाहेबांच्या हाताखाली चालायला शिकलेलं शेवटचं माणूस. आता ऐंशीच्या पुढे गेलेली, कराडात मुलाच्या फ्लॅटमध्ये असते, आवाज मात्र अजून जत्रेतल्या भोंग्याला ऐकायचा नाही. फोन कशासाठीही असो, ती एकदा तरी म्हणणारच, "आबासाहेब पळालं न्हाईत. साहेब खोटं बोलला."

दोह्यातही संजीवनीनं दसरा सोडला नव्हता. आपट्याची पानं कुठून मिळणार, मग एकमेकांना चॉकलेटं द्यायची आणि तिघांनी बिल्डिंगला वळसा घालायचा. पुढे देवव्रत, मध्ये ईश्वरी टोपी डोळ्यांवर ओढून, मागे संजीवनी. "टाच, टाच." वॉचमनला वाटायचं, हिंदूंचा काहीतरी उपवास असेल.

अशी सगळी मजेमजेत चाललेली गोष्ट. पण फेब्रुवारीत कतारच्या क्रीडादिनाच्या सुट्टीला तिला गालबोट लागलं.

ओल्ड एअरपोर्टातल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप होता, सह्याद्री कट्टा. क्रीडादिनाला त्यांनी पार्कात संगीतखुर्ची, लिंबू-चमचा आणि बायकांसाठी भरभर चालण्याची शर्यत ठेवली. संजीवनीनं ती अशी जिंकली, की दुसरी आली तोवर हिचं सरबत पिऊन झालं होतं. काचेचा कप हातात आला, फोटो निघाला. मग कट्ट्याचा सेक्रेटरी प्रताप कान खाजवत पुढे आला. माणूस वाईट नाही. गणपतीत स्वतःच्या गाडीतून सगळ्यांच्या आरत्यांची ताटं ने-आण करणारा.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पण तीन-चार जणींचं म्हणणं पडलं की तुम्ही चालत नव्हता, धावत होता. उगाच वाद नको म्हणून कप आपण दुसऱ्या नंबरला देऊया का?"

आणि त्यानं हात पुढे केला. संजीवनीनं कप दिला. दुसरं करणार काय? सगळ्या पार्कादेखत दिला.

गाडीत देवव्रतनं वातावरण हलकं करायला म्हटलं, "बरं झालं, आपल्याकडे ठेवायला जागा तरी कुठे आहे? पुण्याच्या घरातल्या शोकेसमध्ये माझ्या वक्तृत्वाच्या ढाली अजून धूळ खातायत." मग त्यानं बाजूला पाहिलं तर बायको रडत होती. अठरा वर्षांत त्यानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"कपासाठी?" त्यानं विचारलं.

"कप गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "मला धावली म्हणाले. मला एकदा खऱ्या पंचांसमोर चालायचंय. एकदाच. आणि पंचानं म्हणायला हवं, ही बाई चालली. एवढंच हवंय मला."

मागच्या सीटवर ईश्वरीनं कानातले इअरफोन काढले होते.

संजीवनी अल मन्सूराच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती. मार्चमधली गोष्ट. एक उंच, केस पिकलेला जॉर्डनी माणूस दाढ काढून घेऊन बाहेर खुर्चीवर बसला होता, अर्धा गाल बधिर. संजीवनी त्याचा एक्स-रे आणायला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तो माणूस कापसाचा बोळा तोंडात धरून तिच्या पायांकडेच बघत होता. आता कुठल्याही बाईला अशा वेळी राग येईल. तिलाही आला.

पण तो जडावलेल्या जिभेनं इंग्रजीत म्हणाला, "ही चाल तुम्हाला कुणी शिकवली?"

त्याचं नाव जियाद. शाळेत पीटी शिकवायचा, तरुणपणी आपल्या देशाकडून चालण्याच्या शर्यती चाललेला आणि सुट्टीच्या दिवशी दोह्यातल्या शर्यतींना पंच. म्हणजे संजीवनीला जो माणूस हवा होता तो आपण होऊन, दाढ काढायला म्हणून, तिच्या काउंटरपाशी येऊन बसला होता. तिनं त्याला तिथेच आबासाहेबांची सगळी गोष्ट सांगितली. त्याला धड बोलता येत नव्हतं म्हणून बिचाऱ्यानं सगळी ऐकली.

त्या शुक्रवारी सकाळी देवव्रत आणि ईश्वरीसह ती जियादच्या शाळेच्या मैदानावर गेली. जियादनं तिला एक फेरी चालायला लावली आणि बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. मग तो हळू गतीनं लावून तिच्यापुढे धरला.

पुढचा पाय निघाला. गुडघा सरळ, टाच तयार. आणि ती टाच टेकायच्या आधी मागचा पाय जमिनीवरून उठला. क्षणभर, अगदी क्षणभर, दोन्ही बुटांच्या खाली नुसता उजेड होता.

"तुमचा मोबाईल बिघडलाय," संजीवनी म्हणाली.

जियादनं पुन्हा लावला. पुन्हा उजेड. ईश्वरीनं तिच्या मोबाईलवर काढून बघितला. तिथेही उजेड.

"कॅमेऱ्यात दिसतं ते आम्ही धरत नाही," जियाद समजावून सांगायला लागला. "पंचाच्या डोळ्याला दिसेल तेवढंच धरायचं, असा नियम आहे. डोळ्याला न दिसण्याइतका पाय मोठमोठ्या चालणाऱ्यांचाही सुटतो. पण तुमचा मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. क्लिनिकमध्ये, अर्धं तोंड बधिर असतानाही दिसला. तुमची टाच सुंदर आहे. इतकी सुंदर टाच मी शिकवूनसुद्धा मुलींना येत नाही. चूक टाचेत नाहीच. चूक मागच्या पायात आहे. पुढची टाच टेकेपर्यंत मागचा चवडा जमिनीला धरून ठेवायचा असतो. तुम्ही पुढचा पाय लांब फेकता, मग मागचा उठतोच."

संजीवनी मैदानाच्या कडेला जाऊन बसली. शंभर वर्षं. शंभर वर्षं तिच्या घरातली माणसं दर दसऱ्याला टाच, टाच ओरडत होती आणि चूक पायाच्या दुसऱ्याच टोकाला होती. ज्या टाचेवर काहीच आरोप नव्हता तिला सगळ्यांनी घासूनपुसून लख्ख केलं होतं. म्हणजे तो साहेब खोटं बोलला नव्हता. घोड्यावरून त्याला उजेड दिसला होता. कट्ट्यावरच्या त्या तीन-चार जणींनाही दिसला होता. तिला आबासाहेबांचा राग आला, आणि त्या रागाच्या पाठोपाठ त्यांची अशी काही कीव आली की तिला रडू फुटलं. बिचारा माणूस. उरलेला जन्म आपली चूक सुधारत बसला आणि ती चूक कुठे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"यल्ला, चला," जियाद म्हणाला. "रडून झालं की उठा. डिसेंबरात पस्तिशीच्या पुढच्या बायकांची शर्यत आहे. खरे पंच, खरा ट्रॅक."

त्या रात्री तिनं कराडला फोन लावला. हा शहाणपणा नव्हता, पण संजीवनीला पोटात काही ठेवता येत नसे. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"संजे, तुझ्या त्या मोबाईलला काय कळतंय? आबासाहेब पळालं म्हनतीस तू? घरची लेक असून?"

"पळाले नाहीत गं आत्या. त्यांना कळलंच नाही. मागचा पाय—"

"टाच त्यांची बघितलीया मी. तू न्हाई बघितलीस." आणि फोन बंद. त्यानंतर आत्यानं तिचा फोन घेणं सोडलं. सून म्हणायची, झोपल्यात. दुपारी झोपल्यात, सकाळी झोपल्यात, संध्याकाळी सिरियलच्या वेळेलासुद्धा झोपल्यात.

मे उजाडला आणि बाहेर चालायची सोय संपली. दोह्यात उन्हाळ्यात चालणारी माणसं पहाटे मॉलमध्ये जातात. दुकानं बंद, एसी चालू, गुळगुळीत फरशीवर मधुमेहवाले काका, गरोदर बायका आणि हातात खजुराची पिशवी घेतलेले म्हातारे. त्यांच्यामधून संजीवनी चालायला लागली. क्लिनिकला जायच्या आधी, रोज. बरोबर जियादची दुसरी शिष्या, तय्यबा. मोरोक्कोची, मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची, आणि लहानपणी तिकडे खरोखरच्या स्पर्धांत चाललेली. ती संजीवनीला रोज हरवायची आणि रोज कॉफी पाजायची.

चाल मोडून पुन्हा बसवणं म्हणजे या वयात डाव्या हातानं लिहायला शिकण्यासारखं होतं. पाऊल आखूड टाकायचं. मागचा चवडा चिकटवून ठेवायचा, कंबर फिरवायची, ढकलायचं मागून. सुरुवातीला ती इतकी हळू झाली, की मधुमेहवाले काका तिला मागे टाकून जाताना "गुड मॉर्निंग" म्हणायला लागले. देवव्रत मेसईदला कामावर नेणाऱ्या बसमध्ये बसून मेसेज करायचा, आज काकांना हरवलंस का. दोन महिने ती त्याला उत्तर देत नव्हती. पाय जरा सैल सोडला की जुनी चाल आपोआप यायची, छान वेगानं, आणि जियादची शिट्टी वाजायची.

जुलैत ईश्वरीच्या शाळेला सुट्टी लागली. पहिल्या दिवशी ती मॉलमध्ये आली ती झोपेतून उठवून आणली म्हणून. बाकावर आडवी होऊन तिनं सहज एक व्हिडिओ काढला. मग दुसरा. आठवड्याभरात ती फरशीवर पालथी पडून आईच्या बुटांचे व्हिडिओ काढत होती आणि जियादच्या आधी ओरडत होती, "मॉम, बॅक फूट. बॅक फूट." दोन दुकानं लांब राहायचं ती विसरून गेली होती. संजीवनीनं तिला आठवण करून दिली नाही.

ऑक्टोबरात दसरा आला. चॉकलेटं वाटून झाली, तिघं खाली उतरली. देवव्रत पुढे झाला, ईश्वरी मध्ये, संजीवनी मागे. आणि ओरडायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटेना. टाच म्हणावं तर ते चुकीचं, आता तिला पक्कं ठाऊक होतं. आणि दुसरं काही म्हणावं तर कराडात फोन न घेणारी ती म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहत होती. त्या वर्षी बिल्डिंगचा वळसा मुक्यानंच झाला. वॉचमननं विचारलं, सगळं ठीक आहे ना.

डिसेंबरातली ती सकाळ. हवा गार, ट्रॅक विटकरी, वारा समुद्राकडून. लांबलांब उभे पंच, त्यांच्या हातात पंख्याएवढ्या पिवळ्या चकत्या, त्यांवर लाटेसारखी रेघ. जियादनं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. चकती दाखवली की ती ताकीद. पाय सुटल्याची पंचाची खात्री झाली की तो लाल कार्ड लिहितो आणि तुमच्या नंबरापुढे बोर्डावर लाल खूण लागते. एक पंच एका चालणाऱ्याला एकदाच लाल कार्ड देऊ शकतो. तीन वेगळ्या पंचांची तीन झाली की बाहेर. "मीही पंच आहे," त्यानं जाता जाता म्हटलं. "मला दिसलं तर मी देणार." "दिलंच पाहिजे," संजीवनी म्हणाली होती. म्हणायला काय जातं.

शर्यत सुटली आणि तय्यबा पुढे गेली. ती जाणारच होती. संजीवनी तिच्या मागे लागली, मागचा चवडा धरून, आखूड पावलांनी, आणि पहिल्या काही फेऱ्या अशा सुरेख गेल्या की तिला वाटलं, अरे, हे तर जमलं. मग तय्यबानं वेग वाढवला. अंतर वाढायला लागलं. संजीवनीनं दम एकवटला, आणि दमलेल्या पायांना जे लहानपणापासून ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. पुढची टाच लांब फेकली.

पिवळी चकती. लाट. पुढच्या फेरीत बोर्डावर तिच्या नंबरापुढे एक लाल खूण होती. तिनं स्वतःला आवरलं, पाऊण फेरी चांगली चालली, पुन्हा तय्यबाची पाठ दिसली आणि पुन्हा टाच सुटली. या वेळी समोर जियाद उभा होता. तो वाकून बघत होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता. पुढची फेरी पुरी होताना बोर्डावर दुसरी लाल खूण आली.

कुंपणाशी उभ्या देवव्रतचा आवाज फाटला होता. "संजू, हळू. जिंकायचं सोड. नुसती पूर्ण कर, कुणी काही म्हणणार नाही."

खरं होतं. हळू चालली असती तर तिसरं कार्ड कुणी दिलं नसतं. पण हळू कुणीही चालतं. आबासाहेबांनाही हळू चालता येतच होतं. वेगात चालायचं आणि जमिनीवर राहायचं, हे त्यांना जमलं नव्हतं, हे तिला जमवायचं होतं. नाहीतर इतके महिने ती मॉलची फरशी झिजवत कशासाठी होती? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातून तिला आपल्या पायांना काय सांगायचं तेच आठवेना. डोक्यात आत्याचा भोंगा चालू होता. टाच, टाच, टाच.

तेवढ्यात कुंपणाच्या बाहेरून कुणीतरी तिच्या बरोबरीनं धावायला लागलं. टोपी उडून गेलेली, केस सुटलेले.

"आई, टाच सोड," ईश्वरी ओरडत होती. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, चोख मराठीत, थेट अंजनाआत्याच्या आवाजात. "चवडा धर. मागचा चवडा. चवडा, आई, चवडा."

संजीवनीनं टाचेचा विचार सोडला. मागचा चवडा धरला, कंबर फिरवली, ढकललं. चवडा. पुन्हा चवडा. पाऊल आखूड झालं आणि गंमत बघा, वेग वाढला. तय्यबाची पाठ जवळ यायला लागली, आणि या वेळी तिला गाठायला काही फेकावं लागत नव्हतं. शेवटच्या फेरीत दोघी खांद्याला खांदा लावून वळणावर आल्या. तिथे पांढऱ्या हॅटवाली एक पंच बाई उभी होती, जिनं अजून संजीवनीला काही दिलं नव्हतं. दोन लाल खुणांचा नंबर बघून ती जवळजवळ गुडघ्यांवर बसली आणि जमिनीच्या पातळीवर डोळे आणून बघायला लागली. संजीवनी तिच्या नाकासमोरून वेग न कमी करता गेली. चकती त्या बाईच्या काखेत होती, ती काखेतच राहिली.

तय्यबाला मागे टाकून संजीवनी पहिली आली. पण तिनं हात वर केले नाहीत. कार्ड शर्यत संपल्यावरही येऊ शकतं, हे तिला माहीत होतं. ती धापा टाकत थेट बोर्डापुढे जाऊन उभी राहिली. दोन लाल खुणा आणि शेजारी एक रिकामा चौकोन. एक माणूस कार्डांचा गठ्ठा घेऊन आला, त्यानं चष्मा लावला, सगळी कार्डं पुन्हा बघितली, बोर्डाकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. चौकोन रिकामाच राहिला.

जियाद मागून आला. "मबरूक, अभिनंदन," तो म्हणाला. "एक कार्ड माझं आहे."

"माहीत आहे. बरोबर होतं ते."

"शेवटच्या फेरीत मी त्याहून बारकाईनं बघितलं. मला चूक हवीच होती, म्हणजे मैत्री आड आली नाही असं म्हणता आलं असतं." तो हसला. "नाही मिळाली. तुम्ही चाललात."

ते ऐकायला संजीवनी फेब्रुवारीपासून थांबली होती, आणि तिचं घर त्याहून कितीतरी आधीपासून. मग ती रडली, पोटभर, आणि तय्यबानं तिच्या गळ्यात पडून तिला शिव्या दिल्या, त्या अरबीत असल्यामुळे गोड वाटल्या.

पदकाचा फोटो देवव्रतनं कट्ट्याच्या ग्रुपवर टाकला. प्रतापचं उत्तर आलं, वहिनी, कप घेऊन संध्याकाळी घरी येतोय, नाही म्हणू नका. पण संजीवनीनं पदकाचा फोटो कुणालाच पाठवला नाही. तिनं बोर्डाचा काढला, रिकाम्या चौकोनाचा, आणि तो आणि ईश्वरीनं काढलेला शेवटच्या फेरीचा व्हिडिओ कराडला पाठवून दिला.

ती तिघं घरी पोचून चहा घेत होती तेव्हा व्हिडिओ कॉल आला. अंजनाआत्या. मोबाईल कपाळाला लावल्यासारखा धरलेला, त्यामुळे कुंकू तेवढं मोठं दिसत होतं.

"सुनेनं दाखिवलं," ती म्हणाली. "हळू करून दाखिवलं. मागचा पाय बघितला तुझा." मग तिनं मोबाईल कपाळापासून जरा लांब धरला. "म्हंजी त्यास्नी कुनी सांगितलंच न्हाई म्हन की. त्या साहेबानं कडं काढून घेतलं, पर मागचा पाय धर बाबा, येवढं काय त्याला सांगवलं न्हाई. सांगितलं असतं तर केलं असतं त्यांनी. येका दिसात केलं असतं."

"केलं असतं, आत्या," संजीवनी म्हणाली. आबासाहेबांचा राग तिच्या मनात उरला नव्हता, साहेबाचा मात्र पुन्हा नव्यानं आला होता, आणि या वेळी खऱ्या कारणासाठी.

"बरं. ती तुझी वरडनारी पोर कुटंय?"

ईश्वरी पुढे सरकली. पडद्यावर आत्यानं मोबाईल सुनेच्या हातात दिला. "खाली धर गं. अजून खाली. पाय दिसूं देत." मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, लुगड्याचा काठ वर खोचला आणि एक हात गॅलरीच्या कठड्यावर ठेवून, ऐंशीच्या पुढची ती बाई चालायला लागली. टाच आधी, गुडघा सरळ. टाच अजूनही सुंदर होती.

"आता बघ, पोरी," तिचा आवाज आला. "मागचा चवडा टेकतोय का माजा?"

ईश्वरीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि नीट बघितलं, लाडालाडात खोटं बोलायचं नाही असं ठरवून.

"उजवा टेकतोय, आजी," ती म्हणाली. "डावा लवकर उचलताय. परत चालून दाखवा."

आत्या वळली आणि परत चालू लागली.